पाडव्याची झाडलोट : डाग काढा, पण फवारणीचे कपडे वेगळे धुवा

होळी पेटली, रंगपंचमी झाली, आता पाडवा तोंडावर आला. गहू-हरभऱ्याची मळणी उरकली की घराघरात एकच गडबड सुरू होते. माळ्यावरचे सामान खाली येते, जळमटे निघतात, गोधड्या-वाकळा विहिरीवर किंवा नदीवर जातात आणि वर्षभराचे मळके धुणे दगडावर आपटले जाते. ही चाल जुनी आहे आणि चांगली आहे. पण आजच्या घरात आजोबांच्या काळी नव्हत्या अशा पुष्कळ वस्तू आल्या आहेत. कीटकनाशकाचे डबे आले, तणनाशकाच्या बाटल्या आल्या, संडास धुण्याचे ॲसिड आले, धान्यात टाकायच्या गोळ्या आल्या. तेव्हा झाडलोटही थोडी विचाराने करायला हवी. नाही तर घर लख्ख होईल, पण घरातले माणूस आजारी पडेल.

आधी तीन ढीग करा

सामान आवरायला काढले की आपली पहिली चूक ठरलेली. इथले उचलून तिथे ठेवायचे आणि पुढच्या पाडव्याला तेच पुन्हा तिथून इथे! त्यापेक्षा अंगणात तीन ढीग करा. एक ठेवायचा, एक देऊन टाकायचा आणि एक मोडीत घालायचा. ज्या वस्तूला दोन वर्षांत हात लागला नाही ती पहिल्या ढिगात जाऊ देऊ नका. फुटकी घमेली, गळकी पिंपे, कुजलेले बारदान, तुटके पाइप यांचा मोह सोडा. ‘कधी तरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेल्या अशाच अडगळीत उंदीर पोसले जातात आणि उंदरामागे साप येतो.

माळा, गोवऱ्यांची रास, विटांचा थर किंवा जुनी लाकडे हलवताना एकदम हात घालू नका. आधी काठीने ढोसा, पायात बूट घाला, उजेड असताना काम करा. उन्हाच्या दिवसांत विंचू आणि साप अशाच गार जागी दडलेले असतात. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेवर उपचार मिळालेली असंख्य माणसे वाचली आहेत. सर्पदंशावरची लसही सरकारी दवाखान्यात मिळते.

कागदपत्रांची पेटी

मोडीचा ढीग भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातले कागद एकदा घरातल्या जाणत्या माणसाने पाहावेत. सातबारा आणि आठ-अ आता डिजिटल सहीचे ऑनलाइन मिळतात, ते हरवले तरी एक वेळ चालेल. पण जुने खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराच्या जुन्या नकला, कर्जफेडीचा दाखला, पीकविम्याची पावती हे कागद वाळवीने खाल्ले तर मग तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात, ते वेगळेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बियाण्याची पावती, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल हंगाम पुरता संपेपर्यंत टाकू नका. बी उगवले नाही अशी तक्रार करायची झाली तर हाच पुरावा लागतो. पुष्कळांचे रास्त गाऱ्हाणे पावती नाही म्हणून अडून राहते.

कागदांसाठी पत्र्याची पेटी उत्तम. ती भुईवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. चार विटांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा, म्हणजे वाळवीचा माग लगेच दिसतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालताना ते ओलसर नाहीत ना, एवढे पाहा. महत्त्वाच्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पेटीत काय काय आहे त्याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि ही यादी घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असू द्या. धनी अचानक गेला आणि कुठला कागद कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही, असे प्रसंग गावोगाव घडतात.

नवे धान्य जुन्या कणगीत ओतू नका

गहू-ज्वारी घरात येण्याआधी कणगी, कोठी, पिंप झाडूनपुसून उन्हात तापवा. फटीत अडकलेल्या जुन्या दाण्यातच सोंडे आणि टोके लपलेले असतात. बारदान उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. धान्य दाताखाली कट्‌कन तुटेल इतके वाळवा आणि थंड झाल्यावरच भरा. जुने आणि नवे एकत्र करू नका. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घातला, कडधान्याला एरंडेल चोळले, तर घरच्या पुरते पुष्कळ काम भागते.

मात्र धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात वापरू नका, हे हात जोडून सांगणे आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. बंद खोलीत माणसे झोपलेली असतील तर हा वायू जीव घेतो. शेजारच्या खोलीतही तो फटीतून जातो. लहान मुले आधी दगावतात. हे औषध जाणकार माणसाच्या देखरेखीखाली गोदामात वापरायचे आहे, ते माजघरातल्या पिंपात टाकण्यासाठी नाही.

डाग : आधी ओळखा, मग धुवा

आता धुण्याकडे वळू. डागाचे चार नियम पाठ करा. पहिला, डाग ओला असतानाच धुवा. दुसरा, डाग कशाचा हे ओळखल्याशिवाय गरम पाणी ओतू नका. तिसरा, कुठलेही औषध आधी कापडाच्या कोपऱ्यावर लावून पाहा. चौथा, डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, कारण उष्णतेने डाग कापडात पक्का बसतो.

रक्त, दूध, अंडे यांचे डाग गार पाण्यानेच काढावेत. गरम पाणी घातले की ते कापडात शिजल्यासारखे चिकटतात. गार पाण्यात मीठ टाकून कपडा भिजत ठेवा, मग साबण लावा.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि बाई घाबरते. घाबरायचे कारण नाही. हळदीचा रंग साबण-सोड्यासारख्या पदार्थाने लाल होतो आणि पाण्याने खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो. कपडा धुऊन ओलाच कडक उन्हात घाला. ऊन हळदीचा रंग खाते. दोन-तीन उन्हांत डाग निघतो.

लोखंडाच्या गंजाचा डाग साबणाने जात नाही आणि ब्लीचने तर जास्तच पक्का होतो. त्यावर मीठ टाकून लिंबू पिळा, तासभर उन्हात ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. पांढऱ्या सुती कपड्यावर हा उपाय चांगला लागू पडतो.

ट्रॅक्टरचे ग्रीस आणि इंजिनचे ऑइल लागले तर कपडा आधी भिजवू नका. जाड थर बोथट सुरीने खरवडा, पीठ किंवा खडूची भुकटी टाकून तेल शोषू द्या, मग कोरड्या कपड्यावरच भांड्याचा साबण चोळून गरम पाण्याने धुवा. काही जण रॉकेल किंवा पेट्रोल लावतात. त्याने डाग सुटतो खरा, पण असा कपडा चुलीजवळ नेला तर भडका उडतो. अशी जोखीम न घेतलेली बरी.

काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, ब्रश मारा आणि मग धुवा. गुलाल आणि रंगपंचमीच्या कोरड्या रंगाचेही तसेच. आधी झटकायचे, मग पाणी. रंगाचे कपडे इतर धुण्यात मुळीच मिसळू नका.

केळीच्या चिकाचा डाग हा सगळ्यात हट्टी. जळगाव भागातल्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. चीक वाळून काळा पडला की भल्याभल्या पावडरी हात टेकतात. तेव्हा खरा उपाय एकच, बागेत जायचे कपडे वेगळे ठेवणे आणि चीक ओला असतानाच धुऊन काढणे.

चहाचा डाग लगेच पाण्याने धुवावा, जुना झाला तर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवावा. बॉलपेनची शाई स्पिरिटने सुटते. डागाखाली जुने फडके ठेवून वरून बोळ्याने टिपायची, घासायची नाही.

पांढरे कपडे पिवळे पडतात तेव्हा आपण नीळ वाढवतो. पण नीळ डाग काढत नाही, ती फक्त पिवळेपणावर निळसर झाक चढवते. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, साबणाचा चोथा कपड्यात अडकतो आणि कपडा पिवळट, राठ होतो. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवा किंवा साबणवडीऐवजी पावडर वापरा. हाताला सोडा जास्त वेळ लागू देऊ नका, कातडी सोलते.

पैठणी, शालू, रेशमी उपरणे यांना सोडा आणि ब्लीच वर्ज्य. रिठ्याच्या गार पाण्यात हलक्या हाताने काढा, पिळू नका, सावलीत वाळवा. भारी जरीचे असेल तर जाणत्या धुलाईवाल्याकडेच द्या. ठेवताना सुती धडप्यात गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी बदला, नाही तर जर घडीवरच तुटते. डांबरगोळ्या ठेवल्या तर त्या पोरांच्या हाती लागू देऊ नका आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर ठेवूच नका, त्या विषारी असतात.

ब्लीच आणि ॲसिड यांची गाठ घालू नका

सफाईच्या भरात ‘जास्त चांगले निघेल’ म्हणून दोन औषधे एकत्र करण्याची खोड पुष्कळांना असते. कपड्याचे ब्लीच किंवा पाण्यात टाकायची टीसीएल पावडर आणि संडासचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. न्हाणीघरासारख्या कोंदट जागेत तो छातीत गेला तर माणूस जागीच गुदमरतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, एक औषध भरपूर पाण्याने धुऊन गेल्याशिवाय दुसरे वापरू नका. टीसीएलजवळ युरिया आणि इतर खतेही ठेवू नका.

सगळ्यात धोक्याचा डाग दिसत नाही

हळदीचा डाग दिसतो, ग्रीसचा दिसतो. फवारणीच्या औषधाचा डाग बहुधा दिसत नाही आणि म्हणून त्याची भीती वाटत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वेळी सगळ्यांचे लक्ष फवारणाऱ्याकडे गेले आणि ते बरोबरच होते. पण फवारणाऱ्याच्या अंगावरचे भिजलेले कपडे संध्याकाळी कोण धुते? त्याची आई, बायको, लेक किंवा सून. हातात मोजे नाहीत, समोर पोराचे शाळेचे कपडे, बाळाची दुपटी, सगळे एकाच बादलीत! कीटकनाशक नुसते तोंडावाटेच नाही, तर कातडीतूनही अंगात भिनते. ओल्या हाताने, ओल्या कपड्यातून तर ते सहज जाते.

सध्या कांदा, मिरची, भाजीपाल्यावर फवारण्या चालू आहेत. शिवाय खरिपातले फवारणीचे जुने शर्ट अजून गोठ्यातल्या खुंटीवर लोंबत असतील. तेव्हा या झाडलोटीत पुढील गोष्टींची घराला सवय लावा.

फवारणीचा एक जोड वेगळा ठरवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, टोपी. तो घरात आणायचाच नाही, गोठ्यात किंवा खोपीत वेगळ्या खुंटीवर ठेवायचा.

फवारणी झाली की त्याच दिवशी कपडे धुवा. जितके दिवस पडून राहतील तितके औषध कापडात मुरत जाते आणि मग निघत नाही.

धुणाऱ्या माणसाला सांगा की हे फवारणीचे आहेत. रबरी मोजे घालूनच हात लावायचा. कपडे वेगळ्या बादलीत आधी साध्या पाण्याने काठीने खळबळून काढायचे, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर घालून धुवायचे आणि पुन्हा एकदा तसेच धुवायचे. घरच्या इतर कपड्यांत हे कधीही मिसळायचे नाहीत. मशीनमध्ये टाकले तर नंतर पावडर घालून मशीन एकदा रिकामे फिरवा.

वाळत घालताना वेगळी दोरी आणि कडक ऊन. उन्हाने उरलेसुरले औषधही कमी होते.

हे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात, नदीत, परसबागेत किंवा गुरे-कोंबड्या पाणी पितात तिथे ओतू नका. पुष्कळ कीटकनाशके माशांना फार घातक असतात. धुणे झाल्यावर बादली आणि दगड साबणाने धुवा, हात-पाय धुवा आणि मगच भाकरीला हात लावा.

पाणी न मिसळलेले औषध कपड्यावर सांडले असेल तर तो कपडा धुऊन वाचवायच्या नादी लागू नका, तो बादच करा. त्याचे फडके करू नका, चुलीत घालू नका. चामडी चप्पल आणि पट्टाही औषध शोषून घेतात आणि धुऊन स्वच्छ होत नाहीत. फवारताना रबरी बूटच बरे.

आता डब्यांकडे पाहा. औषधाच्या बाटल्या कुठे आहेत? देवळीत, मोरीच्या वर, भांड्यांच्या मांडणीत? आजच त्या उचला आणि कुलपाच्या पेटीत, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. औषध कधीही सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत ओतून ठेवू नका. डब्यावरचा त्रिकोण पोरांनाही ओळखायला शिकवा. लाल सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोके पाडा. त्यात पाणी, तेल, धान्य भरणे म्हणजे विकतचे दुखणे घरात आणणे.

धुताना किंवा फवारताना डोके दुखू लागले, घाम-लाळ सुटली, मळमळले, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, छाती आवळली, तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून झोपू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्या. कुठले विष गेले हे डॉक्टरांना कळले तर उतारा लवकर देता येतो.

सरपंच आणि भाऊसाहेबांना दोन शब्द

संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट समाजात झाला. कपडे धुणाऱ्या घरातला हा माणूस हाती खराटा घेऊन आयुष्यभर गावे झाडत राहिला. आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनातून माणसांची मने, असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्याच नावाने २०००-०१ साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि अनेक गावांनी कात टाकली. त्या अभियानात रस्ते झाडले गेले, संडास झाले. आता धुण्याच्या जागेकडे वळायला हवे.

सरपंच-ग्रामसेवकांनी १ मेच्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्यावा. पिण्याच्या विहिरीवर धुणे होत असेल तर त्यापासून लांब धुण्याचा ओटा आणि शोषखड्डा करता येईल का? फवारणीच्या कपड्यांसाठी त्यातही वेगळी जागा ठेवता येईल का? खरीप सुरू होण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला बोलावून फवारणीची माहिती द्यावी, पण त्या बैठकीला पुरुषांबरोबर बचत गटाच्या बायांनाही बोलवावे, कारण कपडे त्याच धुतात. रबरी मोज्यांचा जोड काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. आणि टीसीएलची पोती कार्यालयात कागदांशेजारी पडली असतील तर तीही कोरड्या, हवेशीर, कुलूपबंद जागी हलवावीत.

शेतकरी बंधूंनो, शेवटी एकच सांगणे. पाडव्याची गुढी उभारण्यापूर्वी तुमचा फवारणीचा शर्ट तुम्हीच खुंटीवरून उतरवा, मोजे घाला आणि तुम्हीच धुऊन काढा. त्यात कमीपणा काही नाही. औषध कुठले मारले, किती मारले हे तुम्हालाच ठाऊक असते. घरच्या लक्ष्मीला ते ठाऊक नसते आणि तरीही हात तिचे पोळतात. एवढे यंदापासून ठरवले, तर या सणाची झाडलोट सार्थकी लागली म्हणायची.